जोडीतला दुसरा मोर

चिंचणीच्या त्या घराची ओटी रस्त्याला लागून आहे, आणि ओटीवर उत्तरेच्या खिडकीशी एक ठेंगणे लाकडी मेज आहे. आत्मारामच्या वडिलांनी ते करवून घेतले तेव्हा सुताराला बजावले होते की उजेड डाव्या खांद्यावरून आला पाहिजे. कोरणाऱ्याच्या हाताची सावली त्याच्या कामावर पडता कामा नये. त्या मेजाशी बसून आत्मारामने अडतीस वर्षे डाया कोरल्या. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा. त्याच्या तोंडावर छिणी-हातोडीने नक्षी खोदायची. मग सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाब देतो, आणि पत्र्यावर फूल, पान, पक्षी उमटतो. जे पत्र्यावर उठून दिसावे ते ठोकळ्यात खोल असावे लागते, आणि ज्याने उजवीकडे पाहावे ते ठोकळ्यात डावीकडे पाहत असावे लागते. या विद्येतला माणूस आयुष्यभर उलट पाहतो, आणि त्याने उलट पाहिलेले जग लोक सुलट करून अंगावर मिरवतात.

त्याच्या हातोडीचा ठोका एकसारखा असे. समोरच्या घरातल्या रंभाबाई त्या ठोक्यावर आपला दिवस लावीत. ठोका सुरू झाला की चहाचे आधण, ठोका थांबला की दुपारचे जेवण. मुंबईच्या सराफबाजारातून नक्षीचे कागद येत. व्यापारी दूरध्वनीवर त्याला 'उस्ताद' म्हणत आणि आत्माराम तिकडे न दिसणारी मान लववीत असे. तो मितभाषी होता. स्तुतीने फुलत नसे, निंदेने कोमेजत नसे. पण अडतीस वर्षांत एकही ठोकळा त्याने डोळ्यांचे समाधान झाल्यावाचून ओटीवरून खाली उतरू दिला नव्हता, हे गाव जाणत होते.

पुढे संगणकावर चालणारी यंत्रे आली. जे काम आत्माराम पंधरा दिवसांत करी, ते यंत्र एका दिवसात करू लागले. त्याच मेजाशी तीन वर्षे बसून शिकलेला मिथुन बोईसरला गेला आणि तिथे त्याने असले यंत्र घातले. जाताना तो पाया पडला तेव्हा आत्मारामने त्याला स्वतःच्या भात्यातली एक बारीक छिणी दिली. कागद येणे विरळ झाले, पण थांबले नाही. जुन्या वळणाचे, फार बारीक काम अजूनही हाताकडे येई.

आणि मग ते वर्ष आले ज्याच्या चैत्रात सारा देश घरात बसला. बाजार मिटला. बोईसरच्या एका कारखान्याच्या कचेरीत नुकतीच लागलेली त्याची मुलगी किंजल हिने पहिल्या पगारातून बापाला एक मोबाइल आणून दिला होता, नक्षीचे कागद आता त्यावर येतील म्हणून. कागद आले नाहीत. आत्माराम रोज सकाळी आंघोळ करून मेजाशी बसे, मोबाइल समोर ठेवी आणि वाट पाही. एका सकाळी त्या पडद्यावर कसलीशी जाहिरात आली. चहूकडे समुद्र, मध्ये एक उजाड बेट, बेटावर एक विझलेली भट्टी आणि भट्टीशेजारी एक हातोडी. हातोडीवर बोट ठेवले तर ठण्ण असा आवाज झाला आणि अक्षरे उमटली : शाबाश, उस्ताद!

त्याने पुन्हा बोट ठेवले.

त्या खेळात कठीण असे काही नव्हते. बेटावरची झाडे तोडायची, दगड फोडायचा, खाणीतले लोखंड भट्टीवर आणायचे, तलवारी-ढाली करायच्या, गलबते बांधायची. प्रत्येक गोष्टीला तिचा काळ लागे. पहिल्या दिवसांत तो काळ निमिषांचा होता. पुढे घटकांचा झाला, मग प्रहरांचा, मग दिवसांचा. लोहारशाळेची चौथी पायरी बांधायला आठ तास लागत, सतरावी बांधायला नऊ दिवस. काम पूर्ण झाले की घंटी वाजे आणि दुसरे कोणते तरी काम वाट पाहत असे. निरनिराळ्या गावांचे पन्नास खेळाडू मिळून एक टोळी होती. तिच्यात कुणी सुरतेचा, कुणी नागपूरचा, कुणी कुठला ते ठाऊक नाही. त्या टोळीची सारी शस्त्रे आत्मारामच्या भट्टीत घडत. त्यांनी त्याचे तोंड कधी पाहिले नव्हते, पण त्याच्या लोखंडावर त्यांचा भरवसा होता.

एखादे व्यसन चढते तेव्हा त्याला आरंभी सुखाची झिंग तरी असते. इथे तीही नव्हती. आत्माराम खेळात रमला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. तो नुसता तिथे असे. ओटीवर सकाळचे ऊन येई, मेजावरून सरकत सरकत उंबऱ्यापाशी जाई आणि दिसेनासे होई. वारा फिरला की कारखान्यांचा आंबूस वास येई, पुन्हा फिरला की सुरूंच्या बनातून समुद्राचा येई. त्याला दोन्हीतले अंतर हळूहळू कळेनासे झाले. बाजार उघडला, कागद पुन्हा येऊ लागले. तो ते करीही; मात्र घंटीपासून घंटीपर्यंत. व्यापाऱ्यांना उशीर होऊ लागला, आणि त्यांना उशीर करून चालत नाही. तिसऱ्या वर्षी कुणी उस्ताद म्हणून बोलावले तर तो खेळच असे.

"आत्मारामा," एकदा रंभाबाई ओटीच्या पायरीशी थांबून म्हणाल्या, "तुजा ठोका आयकू येत नाय रे हल्ली. मला वाटलं माजे कानच गेले."

"काम कमी हाय, काकी."

"काम कमी, मंग मान वर का नाय करीत? मी मेले तर तुला चवथ्या दिवशी कळंल. तेबी त्या डबड्यात आलं तर."

आतून त्याची बायको मंगला हिच्या हसण्याचा आवाज आला. आत्मारामनेही ओठ हलविले. हसायचे असते तेव्हा ओठ कसे हलतात हे त्याला आठवत होते.

कार्तिकात किंजलचे लग्न ठरले. वर पालघरजवळच्या माहीमचा, नीलेश नावाचा, पानवेलींच्या वाडीवाल्या घरातला. मुहूर्त वैशाखातला निघाला. पाहुणे उठून गेल्यावर मंगलाने ओटीवरच्या कोनाड्यातली धूळ पदराने पुसली. त्या कोनाड्यात सहा पोलादी ठोकळे ओळीने होते, सहाही गुळगुळीत तोंडांचे.

त्या घरात एक रीत होती. मुलगी लग्नाला आली की बापाने तिच्या कानांसाठी एक जोडी कोरायची. ती नक्षी पूर्वी कुणाला दिलेली नसावी, पुढे कुणाला द्यायची नाही. सोनाराने त्या डायांवरून एकदाच ठसा घ्यायचा, आणि मुलगी सासरी गेली की बापाने स्वतः बसून त्या दोन्ही डायांची तोंडे कुरुंदाच्या दगडावर घासून सपाट करायची. मग ते ठोकळे कोनाड्यात ठेवायचे. घरात त्यांना 'मुक्या' म्हणत. आत्मारामच्या आत्याची जोडी तिथे होती, त्याच्या दोन बहिणींच्या जोड्या होत्या. लहानपणी तो त्या गुळगुळीत तोंडांवर बोट फिरवून काय कोरले असेल त्याचा अदमास घेत असे, आणि वडील म्हणत, ते आता तिच्या कानात हाय, इथं नाय.

"मोर करा," किंजल म्हणाली होती. "दोन मोर, पप्पा. माझ्याकडे तोंड केलेले. इकडून एक, तिकडून एक."

"करतो."

"सहा महिने हायत," मंगला म्हणाली. तिच्या स्वरात प्रश्नही होता आणि उत्तराची भीतीही.

"सहा महिने पुष्कळ झाले. साठ-सत्तर तासांचं एक काम."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्याने दोन ठोकळे आणले, घासून त्यांची तोंडे साफ केली. मोराचे चित्र त्याने स्वतः रेखले, आणि ते रेखताना कित्येक महिन्यांनी त्याचा हात घटकाभर एकाग्र झाला. मान किंचित वळलेली, पिसारा मिटलेला, तुऱ्यावर पाच टिंबे. चित्र उत्तम होते. मंगलाने ते दिव्याशी धरून पाहिले आणि परत दिले.

जोडी कोरण्याचा एक नियम वडिलांनी त्याला पहिल्या वर्षीच शिकवला होता. दोन ठोकळे मेजावर चोचीला चोच लावून ठेवायचे; एकावर चित्राचा कागद सुलट चिकटवायचा, दुसऱ्यावर उलटवून; आणि मग आज एकाची मान तर आजच दुसऱ्याचीही मान, असे दोघांना बरोबरीने पुढे न्यायचे. एक पुढे काढायचा नाही, दुसरा मागे ठेवायचा नाही. माणसाचा हात रोज बदलतो, वडील सांगत. कालचा हात आज नसतो. म्हणून दोन्ही मोरांचे वय सारखे असले पाहिजे.

दोन ठोकळे बरोबरीने न्यायचे तर सलग दोन-तीन तासांची बैठक लागते. आत्मारामजवळ तास होते, बैठक नव्हती. बेटावरच्या भट्टीला दर चाळीस मिनिटांनी कोळसा घालावा लागे. चाळीस मिनिटांत दोन मोरांची एकेक रेघ जेमतेम होई. म्हणून कार्तिकाच्या अखेरीस एका सकाळी त्याने दुसरा ठोकळा उचलून मेजाखाली ठेवला. हा एक आधी उरकू, मग तो घेऊ. निर्णय एवढाच होता. त्याने तो घेतला तेव्हा काही मोडल्यासारखे वाटले नाही.

पहिला मोर पौषात पुरा झाला. तो चांगला झाला होता. आत्मारामने तो भट्टीत तापवून तेलात बुडवला, पोलाद टणक केले, तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले. दुसऱ्याला हात लागला तो माघाच्या शेवटी, कारण मध्ये बेटावर उत्सव होता आणि टोळीला तीनशे ढाली हव्या होत्या. त्याने चित्राची दुसरी प्रत काढली, ठोकळ्यावर चिकटवली आणि कोरायला घेतले. फाल्गुन गेला, चैत्र गेला. मंगला विचारी, "मोर कुठवर आला?" आणि तो सांगे, "पिसाऱ्यावर हाय." ते खरे असे. मोर दीड महिना पिसाऱ्यावरच होता.

एका दुपारी मंगला ताट वाढून ओटीवर आली. "अहो, जेवताय ना? का तुमच्या त्या बेटावरच पंगत हाय आज?"

"आलोच. पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं माज्या म्हायेरच्या मान्सांसारखी. येतो म्हणतात, येत नायत."

तिने ताटावर दुसरे ताट झाकले आणि आत गेली. ताट चार वाजता उघडले गेले. त्याने गार भात त्याच चवीने खाल्ला ज्या चवीने ऊन भात खाल्ला असता.

लग्नाला अकरा दिवस उरले असताना दुसरा मोर पुरा झाला. आत्मारामने मेणाचा गोळा हातात मळून मऊ केला, डायवर दाबला आणि उचलला. ठसा स्वच्छ आला. पूर्वी तो असा ठसा रोज संध्याकाळी घेत असे. या खेपेस शेवटीच घेतला. मग त्याने कपाटातून पहिली डाय काढली, फडके सोडले, तिचाही ठसा घेतला, आणि जुन्या सवयीने दोन्ही ठसे मेजावर शेजारी ठेवले.

दोन्ही मोर उजवीकडे पाहत होते.

त्याने एक ठसा फिरवून पाहिला, तर मोर डोके खाली करून उभा राहिला. पुन्हा सरळ केला. कागद उलटवायचा राहिला होता. अडतीस वर्षांत जे कधी लक्षात ठेवावे लागले नव्हते, कारण दोन ठोकळे समोरासमोर असले की हात ते आपणहून करी, तेच राहिले होते. दोन महिने तो मोर त्याच्या हाताखाली होता, आणि दोन महिने त्याला दुसरा मोर कुणीकडे पाहतो हे आठवावेसे वाटले नव्हते.

मंगला बाहेर आली. तिला डाय कोरता येत नसे, पण तीस वर्षे त्या ओटीवर वावरल्यामुळे जोडी म्हणजे काय ते तिला कळत होते. ती ठशांकडे बघत राहिली.

"एक तिच्याकडे बघतोय," ती म्हणाली. "दुसरा तिला पाठ करून चाललाय."

"हं."

"आता?"

"अकरा दिवस हायत. रोज सहा तास बसलो तर हुईल."

"बसाल?"

त्याला फार वाईट वाटायला हवे होते. त्याने स्वतःच्या आत त्या वाईट वाटण्याला शोधले, जसा माणूस अंधाऱ्या माळ्यावर ठेवलेली वस्तू हाताने चाचपडून शोधतो. वस्तू ठेवल्याची जागा सापडली. वस्तू सापडली नाही.

"बसतो," तो म्हणाला, आणि मोबाइल स्वतःच तिच्या हातात दिला. "हा ठेव कुठं तरी. मला सांगू नको."

मंगलाने तो तांदळाच्या पिंपात खोल खुपसला.

पहिल्या दिवशी आत्माराम सलग तीन तास बसला. नवा ठोकळा, उलटवलेला कागद, डाव्या खांद्यावरून येणारा उजेड. समोरच्या घरातून रंभाबाईंचा आवाज आला, "अगं मंगले, ठोका आला गं!" आणि तिने आतूनच ओ दिली. मानेची रेघ उतरली. पण दर चाळीस मिनिटांनी त्याचा डावा हात ठोकळा सोडून मेजावरच्या रिकाम्या जागेकडे जाई. हात जातो आहे हे त्याला हात पोचल्यावर कळे. दुसऱ्या दिवशी छिणी दोनदा निसटली. भिंगातून पाहताना तुऱ्याची टिंबे त्याला पुरेशी वेळ स्थिर दिसेनात. काही क्षणांनी ती फक्त टिंबे होत, त्यांच्यातला मोर निघून जाई. त्या सायंकाळी स्वयंपाकघरातून, तांदळाच्या तळातून, दबलेली घंटी ऐकू आली. आत्माराम उठून पिंपापाशी गेला आणि उभा राहिला. मंगला भाकरी थापत होती. तिने पाहिले, आणि थापीत राहिली. काही वेळाने तो परत ओटीवर गेला.

तिसऱ्या दिवशी तिला विहिरीवरून यायला उशीर झाला. ती आली तेव्हा पिंपाचे झाकण खाली होते, चुलीपाशी तांदळाचे चार दाणे सांडले होते आणि ओटी नि:शब्द होती. आत्मारामच्या हाताच्या केसांना तांदळाचे पांढरे पीठ लागले होते. पडद्यावर त्याचे नाव होते, आणि नावाखाली, जिथे प्रत्येक खेळाडूचा हिशेब मांडलेला असतो तिथे, लिहिले होते की हा खेळाडू आजवर अकरा हजार दोनशे चार तास खेळला आहे. साठ-सत्तर तासांचे एक काम. त्याच्या मनात भागाकार सुरू झाला. पण भट्टी तीन दिवस विझलेली होती, टोळीतले सहाजण विचारीत होते, उस्ताद कहाँ थे, आणि भागाकार तसाच राहिला.

मंगला रागावली नाही. रागावण्याचा काळ मागच्या वर्षी होऊन गेला होता. पाचव्या दिवशी सकाळी तिने पहिली डाय फडक्यात गुंडाळली, त्याच मापाच्या एका कोऱ्या ठोकळ्यासह पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली.

"मिथुनकडे जा."

"यंत्रावर?"

"पोरीच्या कानात काय तरी घालायला पायजे. जा. आमी काय कुणाला सांगायला जात नाय."

बोईसरला जाणाऱ्या टमटममध्ये दहा-बारा कामगार दाटीने बसले होते, त्यांची पाळी बदलत होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. कुणी चेंडू फळ्यांवर आदळीत होते, कुणी रंगीत खडे जुळवीत होते. आत्मारामनेही आपला काढला. टमटम थांबली तेव्हा बोईसर आले होते.

मिथुनची जागा एका गाळ्यात होती. काचेच्या पेटीत यंत्र तेलाच्या धारेखाली चालत होते. मिथुन उठून पाया पडला, खुर्ची दिली, चहा मागवला. भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली एका खिळ्याला ती बारीक छिणी टांगलेली होती.

"वापरीत नाय मी," मिथुन ओशाळून म्हणाला. "नुसती ठेवलीय, काका."

आत्मारामने पिशवीतून डाय काढली. मिथुनने ती दोन्ही हातांनी घेतली, खिडकीशी नेली, भिंग लावले.

"मानेचं वळण तुमचंच. आमच्या बापाला जमणार नाय." मग त्याने वर पाहिले. "किंजलचा ना? आणि दुसरा?"

"दुसऱ्याला वेळ झाला नाय."

मिथुनने पुढे विचारले नाही. गुरूला जे विचारायचे नसते ते तो त्या मेजाशी शिकला होता. त्याने डाय एका उपकरणाखाली ठेवली. लाल उजेडाची रेघ मोरावरून हळू सरकत गेली, आणि मोर संगणकाच्या पडद्यावर उमटला. पिसारा, तुरा, पाच टिंबे, एक रेघ चुकली नाही. यंत्रावर बसलेला बिहारी कामगार म्हणाला, "मिरर करना है ना, सर?"

"हां. मिरर मार."

कामगाराने एक कळ दाबली. मोराने तोंड फिरवले.

एवढेच होते. आत्माराम पडद्याकडे पाहत होता. तिथे 'शाबाश, उस्ताद!' अशी अक्षरे उमटतील असे त्याला का वाटले ते सांगता येत नाही. ती उमटली नाहीत. खाली कोपऱ्यात यंत्राने लागणारा काळ दाखवला : सहा तास दहा मिनिटे. आकडे एकेकाने कमी होऊ लागले. ते कमी होताना पाहण्याची त्याला सवय होती. तो तिथेच खुर्चीत बसून राहिला. चहा निवला, मिथुनने दुसरा मागवला, तोही निवला. सायंकाळी काचेचे दार उघडले तेव्हा मिथुनने नवी डाय तेलातून पुसून त्याच्या हातावर ठेवली आणि पुन्हा पाया पडला.

पालघरच्या सोनाराने दोन्ही डायांवरून ठसे घेतले. लग्नाच्या दोन दिवस आधी कर्णफुले घरी आली. किंजलने ती कानांत घातली, आरशासमोर मान इकडे-तिकडे केली. दोन मोर तिच्या मुखाकडे पाहत होते, इकडून एक, तिकडून एक.

"पप्पा," ती म्हणाली, "काय झालेत हो! आत्याचे पण असे नाय." मग तिने आरशातच त्याच्याकडे पाहिले. "यातला आधी कुठला केलात?"

मंगला दारात उभी होती.

"जोडी एकदमच करतात," आत्माराम म्हणाला. "आधी-नंतर काय नसतं."

ते उत्तर वडिलांचे होते, शब्दशः. किंजलला ते पुरले.

तो जवळ गेला. तिच्या उजव्या कानातला मोर त्याचा होता, डाव्या कानातला यंत्राचा. हे त्याला दिशेवरून कळत होते. त्याने मान वाकवली, डोळे बारीक केले आणि दिशा विसरून, केवळ हात शोधण्याचा यत्न केला. छिणी पोलादात शिरताना कारागिराचा श्वास किंचित अडखळतो आणि रेघ कुठे तरी केसभर जाड होते. अडतीस वर्षे तो आपले काम बाजारात कुठेही त्या अडखळण्यावरून ओळखीत आला होता. उजव्या मोरात ते होते. डाव्यातही होते. यंत्राने त्याचा श्वाससुद्धा उलटवून घेतला होता.

"काय बघताय एवढं?" किंजल हसून म्हणाली.

"काय नाय. चांगले दिसतात."

लग्न यथासांग झाले. मांडवात आत्माराम सांगितले तिथे बसला, सांगितले तेव्हा उठला. कन्यादानाच्या वेळी हातावर पाणी पडले ते गार होते, एवढे त्याला पुढेही आठवे. पाठवणीच्या वेळी किंजल त्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडली आणि एक मोर त्याच्या गळ्याला टोचला. कुठला, ते त्याने पाहिले नाही. गाडी माहीमच्या रस्त्याला लागली. रंभाबाई मंगलाला धरून घरात घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रीतीप्रमाणे, आत्माराम कुरुंदाचा दगड घेऊन ओटीवर बसला. दगडावर पाणी शिंपडले. एक डाय उपडी धरली आणि घासू लागला. त्या आवाजात ताल नव्हता, नुसते एक लांबट खरखरणे होते. तुरा गेला, टिंबे गेली, पिसारा उथळ होत होत नाहीसा झाला. मानेचे वळण सर्वांत खोल होते, ते सर्वांत शेवटी गेले. मग दुसरी घेतली. ती तशीच गेली, तितक्याच वेळात, त्याच क्रमाने. काळे पाणी ओटीच्या कडेने खाली उतरले.

मंगला फडके घेऊन आली. तिने दोन्ही ठोकळे उचलले, पुसले आणि तळहातांवर तोलून धरले. कोनाड्यापाशी जाऊन ती वळली.

"यातला तुमचा कुठला? तो आतल्या अंगाला ठेवते, भितीकडं. पडायला नको."

आत्मारामने हात पुढे केले. तिने ठोकळे त्याच्या हातांवर ठेवले. त्याने एकावरून बोट फिरवले, मग दुसऱ्यावरून. उजेडाशी धरून पाहिले, पालथे केले, कडा पाहिल्या. दोन्ही एकाच वजनाचे, एकाच मापाचे, एकाच दुकानातून आलेले होते. आता त्यांच्यावर दिशाही नव्हती.

मंगला वाट पाहत उभी राहिली. किती वेळ ते तिने मोजले नाही. मग तिने दोन्ही ठोकळे त्याच्या हातांतून काढून घेतले आणि सहांच्या पुढे, जसे हाती आले तसे, मांडून ठेवले.

मेजावर घंटी वाजली. अठरावी पायरी पूर्ण झाली होती. त्याने ओले हात धोतराला पुसले.